अंतिम सामन्याआधी संघाची शक्यता कशी जोखावी? बालेवाडीहून निघालेल्या दोन संघांचा हिशेब

३ फेब्रुवारी २०२२ रोजी पुण्यात, बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात, महिलांच्या आशियाई फुटबॉल करंडकाचे दोन्ही उपांत्य सामने एकाच दिवशी झाले. दुपारी दक्षिण कोरियाने फिलिपिन्सला २-० असे हरवले. रात्री चीन आणि जपान यांच्यातली २-२ ही बरोबरी जादा वेळेतही सुटली नाही आणि चीनने पेनल्टी शूटआउटमध्ये ४-३ अशी बाजी मारली. करोनामुळे प्रेक्षकांना प्रवेश नव्हता. आशिया खंडातले चार अव्वल संघ आपल्या शहरात खेळून गेले आणि आपल्याला मैदानाच्या फाटकाबाहेरच राहावे लागले, याची हळहळ आजही वाटते. त्यानंतर तीन दिवसांनी नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये अंतिम सामना व्हायचा होता. कोरियाचा संघ या स्पर्धेच्या अंतिम फेरीत प्रथमच पोहोचला होता, आणि त्याला विजेतेपद मिळण्याची शक्यता किती, हा त्या तीन दिवसांतला खरा प्रश्न होता.

कोणत्याही मोठ्या स्पर्धेच्या अंतिम सामन्याआधी असा प्रश्न पडतो आणि त्याचे उत्तर बहुतेक वेळा घाईने दिले जाते. ते नीट कसे द्यायचे, कोणते आकडे विचारात घ्यायचे, कोणते बाजूला ठेवायचे आणि कोठे आकडे अपुरे पडतात, हे कोरियाच्या उदाहरणावरून चांगले समजते. म्हणून हा लेख मुख्यतः त्या एका सामन्याभोवती फिरणार आहे. निकाल आज सर्वांना उपलब्ध आहे, पण थोडा वेळ तो माहीत नसल्यासारखे वाचावे, अशी विनंती आहे.

वरवर पाहता कोरियाची बाजू भक्कम होती. पाच सामन्यांत त्यांनी ९ गोल केले होते आणि केवळ १ गोल खाल्ला होता. उपांत्यपूर्व फेरीत त्यांनी सॅम करच्या ऑस्ट्रेलियाला ८७व्या मिनिटाला जी सो-युनने केलेल्या गोलाच्या जोरावर घरी पाठवले होते. उपांत्य सामना ९० मिनिटांत, पहिल्या अर्ध्यातच जवळपास निकाली निघाला होता. याउलट चीनने चार सामन्यांत १६ गोल केले असले तरी ३ खाल्ले होते, आणि जपानविरुद्ध ११९व्या मिनिटाला वांग शानशानने बरोबरी साधली नसती तर ते स्पर्धेबाहेरच गेले असते. एवढ्यावरून कोरियाला पसंती देणारा माणूस चुकीचे बोलत नव्हता. त्याच्या बोलण्यात फक्त पुष्कळ काही राहून जात होते.

सर्वप्रथम एक गोष्ट मनात पक्की करायला हवी, कारण पुढचा सगळा हिशेब तिच्यावर उभा आहे: फुटबॉलमध्ये गोल दुर्मीळ असतो. एकदिवसीय क्रिकेटमध्ये एका डावात ३०० चेंडू पडतात, त्यामुळे सरस संघाला आपले सरसपण दाखवायला शेकडो संधी मिळतात आणि एखादी चूक भरून काढता येते. फुटबॉलमध्ये तुल्यबळ संघ समोरासमोर आले की दोन्हीकडचे मिळून दोन-तीन गोल होतात, आणि त्यातला एखादा नशिबाच्या उसळीवर पडला तरी करंडकाचा मालक बदलतो.

हे आकड्यांत पाहू. समजा, अ संघ अशा सामन्यात सरासरी १.५ गोल करतो आणि ब संघ सरासरी १ गोल करतो. म्हणजे अ संघ दीडपट सरस आहे, आणि फुटबॉलमध्ये हा फरक मुळीच लहान नाही. दुर्मीळ घटना ठरावीक काळात किती वेळा घडतील हे काढण्याची पॉयसाँ या फ्रेंच गणितज्ञाच्या नावाने ओळखली जाणारी एक जुनी पद्धत आहे. तिने गणित केले, तर ९० मिनिटांत अ संघ जिंकण्याची शक्यता सुमारे ४९ टक्के येते, बरोबरीची २६ टक्के आणि ब संघ जिंकण्याची २५ टक्के. दीडपट सरस असलेला संघसुद्धा निर्धारित वेळेत निम्म्याहून किंचित कमी वेळाच जिंकतो. बरोबरी झाल्यास जादा वेळ आणि पेनल्टी आहेतच. त्यांतला अर्ध्याहून थोडा जास्त वाटा अ संघाला दिला, तरी त्याची एकूण शक्यता ६२-६३ टक्क्यांच्या पुढे फारशी जात नाही. उरलेल्या ३७-३८ टक्क्यांत करंडक ब संघाकडे जातो. त्यामुळे दोन चांगल्या संघांच्या अंतिम सामन्याआधी कोणी एखाद्या संघाला ८० किंवा ९० टक्के देत असेल, तर तो आपली आवड सांगतो आहे असे खुशाल समजावे.

मग सरस कोण, हे तरी कशावरून ठरवायचे? फिफाची क्रमवारी ही पहिली पायरी. महिला संघांची ही क्रमवारी २००३ साली सुरू झाली, आणि ती बुद्धिबळातल्या एलो गुणांकनाच्या तत्त्वावर चालते. सामन्याआधी दोन्ही संघांच्या गुणांतील फरकावरून अपेक्षित निकाल काढला जातो. प्रत्यक्ष निकाल अपेक्षेपेक्षा चांगला लागला तर गुण वाढतात, वाईट लागला तर घटतात. मैत्रीपूर्ण सामन्यांचे वजन कमी आणि मोठ्या स्पर्धांचे जास्त असते, आणि यजमान संघाच्या गुणांत हिशेबापुरते १०० गुण मिळवले जातात. या पद्धतीत १०० गुणांचा फरक म्हणजे सरस संघाकडून सुमारे ६४ टक्के यशाची अपेक्षा, आणि २०० गुणांचा फरक म्हणजे सुमारे ७६ टक्क्यांची. बरोबरी येथे अर्धे यश म्हणून धरलेली असते. २०२२च्या त्या सामन्याआधी कोरिया आणि चीन क्रमवारीत अठराव्या-एकोणिसाव्या स्थानावर, एकमेकांना खेटून होते. सामना तटस्थ मैदानावर होता. म्हणजे क्रमवारीने दिलेले उत्तर जवळजवळ समसमान होते, आणि कोरियाची आघाडी केवळ त्या स्पर्धेतल्या निकालांवरून भासत होती.

आता त्या निकालांकडे जरा बारकाईने पाहू, कारण येथेच बहुतेकांची फसगत होते. चीनच्या १६ गोलांपैकी ११ गोल चायनीज तैपेई म्हणजे तैवान (४-०) आणि इराण (७-०) यांच्याविरुद्धच्या दोन साखळी सामन्यांत आले होते. ते वगळले तर उरतात दोन सामने आणि ५ गोल. कोरियाच्या ९ गोलांपैकी ७ गोल व्हिएतनाम, म्यानमार आणि फिलिपिन्स यांच्याविरुद्ध होते. जपान आणि ऑस्ट्रेलिया या दोन बलाढ्य संघांविरुद्धच्या १८० मिनिटांत त्यांनी २ गोल केले, आणि तेही ८५व्या आणि ८७व्या मिनिटाला. कमकुवत प्रतिस्पर्ध्याविरुद्धचा सातवा गोल अंतिम सामन्याबद्दल काहीच सांगत नाही. कोरियाचे उशिरा आलेले ते दोन गोल मात्र एक गोष्ट सांगतात: मोठ्या संघाविरुद्ध या संघाला संधी निर्माण करायला वेळ लागत होता, पण त्यांची दमसास शेवटपर्यंत टिकत होती.

यापेक्षाही उपयोगी कसोटी म्हणजे दोघांनाही सामायिक असलेले प्रतिस्पर्धी. असे दोन संघ होते. व्हिएतनामला कोरियाने ३-० हरवले, चीनने ३-१. जपानशी कोरियाची १-१ बरोबरी झाली. चीनचीही निर्धारित ९० मिनिटांत १-१ बरोबरीच होती, आणि २-२ हा आकडा जादा वेळेतला आहे. एकाच वेळी झालेल्या, एकाच दर्जाच्या परीक्षेत दोन्ही विद्यार्थ्यांना जवळपास सारखेच गुण पडावेत, तसे हे आहे. दोन-दोन सामन्यांवरून फार मोठा निष्कर्ष काढता येत नाही हे खरे, पण ‘एक गोल खाल्लेला संघ’ आणि ‘तीन गोल खाल्लेला संघ’ ही वरवर मोठी वाटणारी तफावत या कसोटीवर जवळपास नाहीशी होते.

गोलांपेक्षा बारीक मोजमाप हवे असेल तर हल्ली ‘अपेक्षित गोल’ हा आकडा वापरतात. प्रत्येक फटक्याला तो कोठून, कोणत्या कोनातून, डोक्याने की पायाने, समोर किती बचावपटू असताना मारला गेला यावरून एक किंमत दिली जाते. पेनल्टीची किंमत पाऊण गोलाच्या किंचित वर असते, तर पंचवीस मीटरवरून मारलेल्या फटक्याची गोलाच्या शंभरातल्या काही भागांएवढीच. या किमतींची बेरीज केली की संघाने किती गोलांच्या योग्यतेच्या संधी निर्माण केल्या आणि प्रतिस्पर्ध्याला किती दिल्या, हे दिसते. पाच-सहा सामन्यांच्या स्पर्धेत हा आकडाही थोडा डळमळीतच असतो, पण धावफलकावरच्या गोलांपेक्षा तो लवकर स्थिरावतो. त्यामुळे संघाचा अंदाज बांधताना तो आधी पाहावा असे माझे मत आहे.

विश्रांतीचा हिशेब मात्र मला सर्वांत रंजक वाटतो, आणि त्यात आपल्या देशाचाही एक दुःखद संबंध आहे.

कोरियाचा उपांत्य सामना दुपारी २ वाजता सुरू झाला आणि चारच्या आत संपला. चीनचा सामना संध्याकाळी साडेसातला सुरू होऊन जादा वेळ आणि पेनल्टी धरून रात्री दहानंतर संपला. अंतिम सामना ६ फेब्रुवारीला दुपारी साडेचारला होता. म्हणजे कोरियाला सुमारे ७२ तास मिळाले, चीनला ६६च्या आसपास. शिवाय चीनच्या पायांत ३० मिनिटांची जादा धाव होती. कठीण सामन्यानंतर स्नायूंची झीज भरून यायला दोन ते तीन दिवस लागतात, त्यामुळे त्या काठावरच्या सहा तासांना किंमत असते. महिला फुटबॉलच्या २०१९च्या विश्वचषकात असाच प्रकार घडला होता: अमेरिकेने उपांत्य सामना २ जुलैला ९० मिनिटांत जिंकला, तर नेदरलँड्सने ३ जुलैला स्वीडनविरुद्ध जादा वेळ खेळून. ७ जुलैच्या अंतिम सामन्यात मध्यंतरापर्यंत गोलशून्य बरोबरी होती. अमेरिकेचे दोन्ही गोल ६१व्या आणि ६९व्या मिनिटाला आले. थकव्यामुळेच ते झाले असे सिद्ध करता येत नाही, पण थकवा जेव्हा दिसायला लागतो ती वेळ साधारण हीच असते.

येथवर कोरियाची बाजू वरचढ वाटते. आता मागे जाऊन संपूर्ण स्पर्धा मोजू. यजमान भारतीय संघात करोनाची साथ पसरली, आणि २३ जानेवारीला चायनीज तैपेईविरुद्ध मैदानात उतरायला नियमाने आवश्यक असलेले किमान १३ खेळाडूसुद्धा भारताकडे उभे राहू शकले नाहीत. भारताने स्पर्धेतून माघार घेतल्याचे धरले गेले आणि इराणशी झालेली गोलशून्य बरोबरीसुद्धा रद्द ठरली. आपल्याच अंगणात, कित्येक वर्षांच्या तयारीनंतर, एका सामन्यात खेळ संपणे हे त्या मुलींच्या वाट्याला यायला नको होते. पण त्याचा एक परिणाम फारसा कोणी लक्षात घेतला नाही: चीनचा तिसरा साखळी सामना भारताविरुद्ध होता, तो झालाच नाही. २३ जानेवारीनंतर चीनचा संघ थेट ३० जानेवारीला, म्हणजे सात दिवसांनी खेळला. कोरिया मात्र २१, २४, २७ आणि ३० जानेवारी असे दर तीन दिवसांनी मैदानात होता. अंतिम सामन्याआधी कोरियाच्या खात्यात ४५० मिनिटे होती. चीनच्या खात्यात, जपानविरुद्धची १२० मिनिटे धरूनही, ३९०. शेवटच्या तीन दिवसांचा हिशेब कोरियाच्या बाजूने होता, तर शेवटच्या पंधरा दिवसांचा चीनच्या.

त्यात हवेचाही थोडा भाग असावा. कोरियाचे पाचही सामने बालेवाडीत झाले होते. पुण्याची उंची समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे आणि येथली फेब्रुवारीतली हवा कोरडी असते. ऊन लागते, पण घाम चटकन वाळतो. घाट उतरून नेरुळला गेले की तापमान फारसे वेगळे नसले तरी हवेतला ओलावा वाढतो, घाम अंगावर राहतो आणि शरीर थंड व्हायला वेळ घेते. हा फरक मुंबईला नेहमी जाणाऱ्या कोणत्याही पुणेकराला सांगावा लागत नाही. चीनचे आधीचे सामने मुंबई-नवी मुंबई परिसरात झाले होते, फक्त उपांत्य सामन्यापुरते ते पुण्यात आले होते. या गोष्टीचे वजन किती हे मोजून सांगता येणार नाही, आणि मी त्याला फार मोठे मानणारही नाही; पण दुपारी साडेचारच्या सामन्याच्या दुसऱ्या अर्ध्याचा विचार करताना ती हिशेबाबाहेर ठेवणेही योग्य नव्हते.

यापुढचा भाग आकड्यांत कमी आणि मैदानावर जास्त दिसतो: एका संघाची खेळण्याची पद्धत दुसऱ्याच्या कोणत्या उणिवेवर नेमकी बसते. २०२३च्या विश्वचषकाचा अंतिम सामना याचे उत्तम उदाहरण आहे. इंग्लंडने त्या स्पर्धेत तीन मध्यवर्ती बचावपटू ठेवून खेळण्याची रचना स्वीकारली होती, ज्यात उजवीकडच्या लुसी ब्राँझला पुढे जाण्याची मोकळीक होती. २९व्या मिनिटाला ब्राँझ चेंडू घेऊन उजव्या बाजूने मैदानाच्या मध्याकडे घुसली आणि स्पेनच्या खेळाडूंच्या गराड्यात तिने तो गमावला. तेरेसा आबेय्येराने क्षणाचाही विलंब न लावता चेंडू मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, ब्राँझने रिकाम्या सोडलेल्या बाजूला, मारिओना काल्देंतेकडे धाडला. मारिओनाने तो थांबवून पुढे सरकवला, आणि मागून धावत आलेली डावी बचावपटू ओल्गा कार्मोना हिने डाव्या पायाने जमिनीलगतचा फटका दूरच्या कोपऱ्यात मारला. स्पेनने तो सामना १-० असाच जिंकला. सामन्याआधी ‘स्पेनची डावी बाजू आणि इंग्लंडची उजवी बाजू’ एवढे जरी कोणी तपासले असते, तरी धोका कोठून येणार हे त्याला दिसले असते.

कोरिया आणि चीन यांच्या बाबतीत ही तपासणी काय सांगत होती? कोरियाचे बळ मधल्या फळीत होते. चेल्सीची जी सो-युन, टॉटनहॅमची चो सो-ह्युन आणि ब्रायटनची ली गम-मिन या तिघी इंग्लंडच्या लीगमध्ये नियमित खेळणाऱ्या होत्या, चेंडू पायाशी ठेवून खेळ संथ किंवा वेगवान करण्याचे कसब त्यांच्याकडे होते. चीनचे बळ बगलेतून गोलासमोर येणारे पास म्हणजे क्रॉस, गोलासमोरची ताकद आणि शेवटपर्यंत न सोडणारा स्वभाव यांत होते. याशिवाय एक ताजा दाखलाही होता. एप्रिल २०२१मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या पात्रतेसाठी हेच दोन संघ दोन सामन्यांत भिडले होते; चीनमध्ये झालेल्या दुसऱ्या सामन्यात कोरियाने दोन गोलांची आघाडी घेतली, ती टिकवता आली नाही, आणि एकूण ४-३ अशा फरकाने चीन ऑलिंपिकला गेला. बहुतेक खेळाडू त्याच होत्या. हा इतिहास माझ्या मते मोलाचा होता, कारण तो ताजा होता आणि त्याच माणसांचा होता.

जुन्या इतिहासाला मात्र असे मोल देऊ नये. चीनच्या नावावर तोवर आठ आशियाई विजेतेपदे होती, पण शेवटचे २००६ सालचे होते. सोळा वर्षांपूर्वी जिंकलेल्या संघाने नव्या संघाला पेनल्टी मारून देता येत नाही. भारतही १९८० आणि १९८३ साली या स्पर्धेच्या अंतिम फेरीत खेळला आहे, ही गोष्ट अभिमानाने सांगावी, पण तिच्यावरून आजच्या संघाचा अंदाज बांधता येत नाही. जपानने २०११च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यापूर्वी अमेरिकेला एकदाही हरवलेले नव्हते. त्या रात्री फ्रँकफर्टमध्ये ते दोनदा पिछाडीवर पडले, ११७व्या मिनिटाला होमारे सावाने २-२ अशी बरोबरी केली, आणि पेनल्टीवर ३-१ असा सामना जिंकून ते जगज्जेते झाले. त्याचप्रमाणे स्पर्धेतल्या एखाद्या वाईट पराभवालाही घाबरून जाऊ नये. २०२३मध्ये स्पेन साखळीत जपानकडून ४-० असा हरला होता. त्यानंतर प्रशिक्षकाने गोलरक्षकासह संघात मोठे बदल केले, आणि अंतिम सामन्यात उतरलेला संघ त्या पराभूत संघापेक्षा पुष्कळ वेगळा होता. पराभव पाहताना त्यानंतर काय बदलले, हे विचारायला हवे.

राखीव खेळाडूंकडे आपले सर्वांत कमी लक्ष असते. आता पाच बदली खेळाडू उतरवता येतात, म्हणजे गोलरक्षक वगळता मैदानावरचा निम्मा संघ बदलता येतो. अंतिम सामना ६०व्या मिनिटानंतर बहुतांशी या खेळाडूंच्या पायांनी खेळला जातो. इंग्लंडची क्लोई केली २०२२च्या युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात बदली म्हणून आली आणि ११०व्या मिनिटाला तिने जर्मनीविरुद्ध निर्णायक गोल केला. २०२५च्या युरो अंतिम सामन्यातही ती बदली म्हणूनच उतरली, बरोबरीच्या गोलासाठीचा क्रॉस तिचाच होता, आणि स्पेनविरुद्धची विजयी पेनल्टीही तिनेच मारली. त्या २०२५च्या स्पर्धेत इंग्लंडचा संघ बाद फेरीच्या तिन्ही सामन्यांत निर्धारित ९० मिनिटांत एकदाही आघाडीवर नव्हता, आणि तरी करंडक त्यांनी नेला. अशा संघाची शक्यता सुरुवातीच्या अकरा नावांवरून मोजली तर ती कमीच दिसणार.

या सगळ्याची बेरीज केली तर ५ फेब्रुवारी २०२२च्या रात्री कोरियाला ५० ते ५५ टक्क्यांच्या मध्ये कोठेतरी ठेवावे लागत होते. शेवटच्या दिवसांतली विश्रांती, भक्कम बचाव आणि मधल्या फळीतले कसब यांमुळे किंचित वर. स्पर्धेतली एकूण धावपळ, ऑलिंपिक पात्रतेचा दाखला आणि चीनचे राखीव खेळाडू यांमुळे त्याहून वर मात्र नाही.

सामना सुरू झाला तेव्हा कोरियाच्या बाजूच्या सगळ्या गोष्टी आधी खऱ्या ठरल्या. २७व्या मिनिटाला चोई यू-रीने गोल केला आणि मध्यंतराच्या तोंडावर जी सो-युनने पेनल्टीवर दुसरा. फुटबॉलमध्ये मध्यंतराला २-० अशी आघाडी घेतलेला संघ क्वचितच हरतो, त्यामुळे त्या क्षणी कोरियाची शक्यता ९० टक्क्यांच्या आसपास होती असे म्हटले तर ते वाजवी आहे. मग चीनच्या प्रशिक्षक शुई चिंगश्या यांनी ज्या गोष्टी सामन्याआधी आकड्यांत दिसत नव्हत्या, त्या मैदानावर आणल्या. झांग लिनयान आणि श्याव युयी या दोघी दुसऱ्या अर्ध्यात बदली म्हणून उतरल्या. आघाडीची वांग शानशान बचावफळीत मागे आली, जेणेकरून पुढे ताज्या दमाच्या खेळाडूंना जागा मिळेल. ६८व्या मिनिटाला तांग ज्यालीने पेनल्टीवर पहिला गोल केला. चारच मिनिटांनी तिच्याच क्रॉसवर झांग लिनयानने डोक्याने दुसरा. आणि भरपाई वेळेच्या तिसऱ्या मिनिटाला मागून पुढे धावलेल्या वांग शानशानच्या पासवर श्याव युयीने तिसरा. चीनने ३-२ असा सामना जिंकून नववे विजेतेपद मिळवले. तीनपैकी दोन गोल बदली खेळाडूंचे होते, आणि तिन्ही गोल ६५व्या मिनिटानंतरचे.

याचा अर्थ कोरियाला ५०-५५ टक्के देणारा हिशेब चुकला असा होत नाही. निम्म्या शक्यतेची गोष्ट निम्म्या वेळा घडत नाही, इतकेच. एका सामन्यावरून अंदाज बरोबर की चूक हे ठरवता येत नाही. त्याच पद्धतीने वीस-पंचवीस अंतिम सामन्यांचे अंदाज बांधले आणि ६० टक्के दिलेले संघ खरोखर दहापैकी सहाच्या आसपास वेळा जिंकले, तर पद्धत चांगली म्हणायची.

सामन्याच्या अगदी आधीच्या तासात दोन गोष्टी पाहून आपला आकडा पुन्हा तपासावा. पहिली म्हणजे जाहीर झालेला संघ, आणि त्यानंतरचा सराव. २०२२च्या युरोमध्ये जर्मनीच्या अलेक्झांड्रा पॉपने पाच सामन्यांत ६ गोल केले होते, प्रत्येक सामन्यात किमान एक. वेम्बलीवरच्या अंतिम सामन्यासाठी तिचे नाव सुरुवातीच्या अकरांत होते. सामन्यापूर्वीच्या सरावात तिचा स्नायू दुखावला आणि तिच्या जागी लेआ श्युलरला उतरावे लागले. ८७,१९२ प्रेक्षक जागेवर बसत असताना जर्मनीची शक्यता बदलून गेली होती. इंग्लंडने तो सामना जादा वेळेत २-१ असा जिंकला.

दुसरी गोष्ट म्हणजे सामना पेनल्टीपर्यंत गेलाच तर काय. तेथे दोन संघांमधले ९० मिनिटांचे अंतर जवळजवळ पुसले जाते, कारण दोन्हीकडच्या चांगल्या खेळाडू साधारण चारपैकी तीन पेनल्टी गोलात मारतातच; फरक पडतो तो गोलरक्षकामुळे आणि मैदानावर शेवटी कोण उरले आहे यामुळे. बालेवाडीत चीनच्या झू यूने जपानच्या दोन पेनल्टी अडवल्या. २०२५मध्ये बाझेलला इंग्लंडच्या हॅना हॅम्प्टनने स्पेनच्या दोन अडवल्या आणि सामना ३-१ असा सुटला. म्हणून बदली खेळाडू काढले-घातले जात असताना प्रशिक्षक आपल्या खात्रीच्या पेनल्टी मारणाऱ्यांपैकी किती जणींना बाहेर बोलावतो आहे, हे १००व्या मिनिटाच्या सुमारास मोजावे. त्या यादीतली दोन-तीन नावे बाहेर गेली असतील तर तोवर वरचढ वाटणाऱ्या संघालाही त्यानंतर पन्नासहून जास्त टक्के देऊ नयेत.